होडी पाठवतो म्हणाले होते

मंगलताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती एक पिशवी आणि शंभर तक्रारी घेऊन. उल्हासनगरला तिच्या सासरच्या खोलीत वारा येत नाही, खालच्या मजल्यावर शिलाईची मशिनं दिवसभर खडखडतात, शेजारची सिंधीण पापड भाजायला लागली की मळमळतं, आणि सासूबाई चहात साखर घालताना हात आखडता घेतात. आई एकेक तक्रार ऐकून चेहरा पाडत होती. "मग तिथं बरं काय लागतं गो तुला?" तिने शेवटी विचारलं. ताईने ओटीवर बसलेल्या नवऱ्याकडे नुसती मानेने खूण केली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. दिनकरभावजी तिला पोचवायला आले होते. जीन्सच्या कारखान्यात ते कापड बेतायचे, त्यांच्या नखांत निळा रंग कायम बसलेला असायचा. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण कान लाल करून ते कपातला संपलेला चहा पुन्हा प्यायला लागले. मी तेव्हा नववीत होते. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटायचं आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी तोंड वाकडं करून फिरायचे.

आमची आळी बदलापूर गावाच्या खालच्या अंगाला, उल्हास नदी आणि तिला मिळणारा ओढा यांच्या बेचक्यात. शाळा, बाजार, स्टेशन, डॉक्टर, सगळं ओढ्यापलीकडे. उन्हाळ्यात त्या ओढ्यात बेडूकसुद्धा पोहायला लाजला असता, पण पाऊस लागला की त्यावरचा फरशीचा ठेंगणा पूल पाण्याखाली जायचा आणि आम्ही दप्तर डोक्यावर घेऊन शाळेत जायचो. ताईला मात्र ओढा कोरडा असतानाच आणून ठेवली होती, आणि तसं आणण्यामागे कारण होतं. आमच्याकडे पोटुशी बाई वाहतं पाणी ओलांडत नाही. नदी पोटातलं मागते म्हणतात. ओटभरण झालं की पावसाच्या आत लेकीला माहेरी आणायची, आणि मग बाळाचं बारसं होईपर्यंत तिने ओढ्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. पाणी ओलांडायचं ते बाकीच्यांनी. सुईण अलीकडे येणार, कासार अलीकडे येणार, अडलंनडलं तर डॉक्टरीणबाईंना हाताला धरून अलीकडे आणणार. आईच्या दोन्ही बाळंतपणांत असंच झालं होतं, तिच्या आईच्या वेळीही. आज वाचणाऱ्याला हसू येईल. कॉलेजात गेल्यावर मीही हसायला शिकले. पण आमच्या बायकांच्या आयुष्यात जग त्यांच्या दारी चालत यायचे तेवढेच काय ते दिवस, हेही सांगून ठेवते.

ते दीड-दोन महिने आमच्या घरात सणासारखे गेले. ताई आली तेव्हा जंगलात शेवळं उगवली होती. डोंगरातल्या बायका ती टोपलीत घेऊन दारावर यायच्या आणि आई त्यांच्याशी तासभर घासाघीस करून वर त्यांनाच भाकरी खायला घालायची. शेवळांची भाजी म्हणजे कामच. नीट निवडली नाहीत, काकडांची आंबट फळं घालून शिजवली नाहीत, तर घसा खाजून जीव जातो. ताई एक पाय पसरून पाटावर बसायची, शेवळं निवडायची आणि आईने सुकट टाकली की टोपावर वाकून वास घ्यायची. शेजारणीच्या पापडाने मळमळणाऱ्या बाईला सुकटीच्या वासाने कसं बरं वाटतं, असं मी विचारलं की ती म्हणायची, "मला नाय गो, आतल्याला बरं वाटतंय. आगऱ्याचं पोर हाय ते." बाबा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीने जायचे. वारा इकडचा असला की तिथला भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा आणि आई त्या भोंग्यावर डाळ शिजायला घालायची. रात्री ताई आणि मी एका गोधडीत झोपायचो. ती माझा हात धरून पोटावर ठेवायची आणि आत हालचाल झाली की म्हणायची, "बघ, लाथ मारतंय. तुझ्यावर गेलंय." तेवढ्यात कौलांवर पावसाची सर यायची आणि आम्ही गप्प पडून ऐकायचो. आईने डिंकाचे लाडू आधीच करून डब्यात भरून ठेवले होते. आधी करू नयेत म्हणतात, पण पुढे पावसात डिंक ओलसर होतो, म्हणून तिने केले. डबा माळ्यावर ठेवला होता, माझ्या हाताला लागू नये म्हणून.

त्या दिवसाआधी तीन-चार दिवस पाऊस थांबला नव्हता. त्याचं कुणाला काही नव्हतं. दर वर्षी श्रावणाच्या आगेमागे नदी आळीत यायची, मारुतीच्या देवळाची पायरी धुवायची आणि परत जायची. बायका तिला हळदकुंकू वाहायच्या, नारळ सोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी अंगणातला गाळ काढताना तिला मनसोक्त शिव्याही द्यायच्या. बाबा सकाळच्या पाळीला निघून गेले होते. मग उजाडल्यावर थोड्या वेळाने ओढ्यापलीकडून भोंग्याचा आवाज आला. कचेरीची रिक्षा होती. कोणत्या कचेरीची ते मी लिहीत नाही. तेव्हाचे साहेबही आता नाहीत, रिक्षातला माणूसही नसेल. तो पलीकडच्या काठावरून ओरडत होता आणि पावसात अर्धं ऐकू येत नव्हतं, म्हणून आळीतली सगळी माणसं काठावर जाऊन उभी राहिली. मीही होते. मी माझ्या कानांनी ऐकलं. वरून पाणी वाढतंय, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, ज्यांना चालता येतं त्यांनी शाळेत जावं. आणि मग, "म्हातारी माणसं, आजारी माणसं, गरोदर बाया, यांनी घरातच थांबावं. त्यांच्यासाठी होडी पाठवतो आहोत." हे त्याने दोनदा सांगितलं. मग रिक्षा वळली आणि सोनिवलीच्या रस्त्याने गेली.

आळी हलली. गाठोडी निघाली, कोंबड्या टोपल्यांत कोंबल्या गेल्या, बकऱ्या ओरडायला लागल्या. हौसाकाकी आमची सुईण, शेजारच्या घरात राहायची. तिच्या दम्याने झिजलेल्या नवऱ्याला तिच्या मुलाने पाठुंगळी घेतलं होतं. ती आमच्या दारात आली. "चल गो, मंगलला घेऊन. गुडघ्याइतकं पानी हाय. दोघी दोन बाजूंनी धरू." आईने मान हलवली. "दिवस भरत आलेत तिचे. व्हातं पानी वलांडून नेऊ? तू सुईण ना गो? तूच सांगतेस?" हौसाकाकीने स्वतः आयुष्यभर बायकांना हेच सांगितलं होतं. "होडी येते म्हनालाय तो," आई म्हणाली. "होडीत बसून गेली तर तिचा पाय पान्याला लागनार नाय. तू जा, म्हाताऱ्याला बघ. आमी येतो मागून." ताई दारात उभी राहून दोघींची तोंडं बघत होती. ती मला हळूच म्हणाली, "होडीतून जायाचं म्हंजे मजा हाय ना? शाळेत सगल्यांना सांग, माझी ताई होडीतून आली." हौसाकाकी निघाली. ओढ्याच्या मध्यावर पोचल्यावर तिने मागे वळून आमच्याकडे बघितलं, ते मला अजून दिसतं.

पाणी दुपारच्या आत घरात आलं. नेहमीसारखं अंगणातून, पाहुण्यासारखं, पायरी पायरीने नाही. मागच्या दाराने आलं, चुलीच्या बाजूने, आणि चूल फुसकन विझली. आईने तांदळाची पिंपं उचलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिली. आम्ही ताईला शिडीवरून माळ्यावर चढवली. तो कसला माळा, गवत आणि जळाऊ लाकडं ठेवायची जागा. उभं राहिलं की डोकं वाशाला लागायचं. मी दोन कौलं काढून खिंडार केलं आणि डोकं बाहेर काढून बसले. होडी आली की मी हाक मारणार होते. बाहेर पाणी आणि त्यातून वर आलेली कौलं एवढंच दिसत होतं. आमच्या आळीत कुणीच उरलं नव्हतं. लांब रेल्वेच्या भरावावर माणसं मुंग्यांसारखी उभी होती, पण गाड्या बंद पडल्या होत्या. खाली माळ्यावर ताईला भूक लागली होती. आईने लाडवांच्या डब्याकडे बघितलं आणि मान फिरवली. ताईच म्हणाली, "माझ्यासाठीच केलेत ना? मग मीच वाटते." तिने तिघींना एकेक लाडू दिला, मला दुसरा दिला, आणि आईने नको म्हटलं तेव्हा तिच्या तोंडात कोंबला. बाळंतिणीचा लाडू बाळंत व्हायच्या आधी खाल्ला, असं आई पुटपुटली. "अगो, लाडूच हाय," ताई म्हणाली. आणि मग तिने एकदम खालचा ओठ दाबला आणि आईचं मनगट धरलं. कळा सुरू झाल्या होत्या.

त्या दुपारबद्दल मला लिहिता येत नाही. तीनदा लिहून फाडलं. एवढंच सांगते, की आई सुईण नव्हती, मी तर पोरच होते, आणि ताई ओरडू नये म्हणून गवताचा बोळा दातांत धरत होती, कारण ती ओरडली की आई थरथरायची. मी कौलांतून डोकं काढून ओरडत होते. होडी, होडी, असं. माझा आवाज बसला तरी ओरडत होते. भरावावरची काही माणसं हात हलवायची, मला वाटायचं ती सांगतायत की येते आहे. पुढे कळलं की त्यांनी माझी हाक खरोखर कचेरीपर्यंत नेली होती. दोनदा माणूस धावत गेला होता, आणि दोन्ही वेळा त्याला सांगितलं होतं की होडी निघाली आहे.

शेवटी आली ती होडी नव्हती. ओढ्यापलीकडच्या टायरच्या दुकानातली दोन पोरं ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूब बांधून, त्यावर खाट टाकून, दोराने धरत धरत आली. तोवर ताई गप्प झाली होती. बाळ आलं होतं आणि रडलं नव्हतं. आईने त्याला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं, ते ती कुणाच्या हाती देईना. ताईला कौलांतून काढून खाटेवर झोपवली. तिच्या अंगावरून रक्त जात होतं, थांबत नव्हतं. असं करून शेवटी तिने पाणी ओलांडलंच. स्टेशनवर नेलं, कारण जवळ तेवढी एकच जागा कोरडी होती. रस्ता खचला होता, गाडी मिळत नव्हती, डॉक्टर शाळेतल्या लोकांत अडकला होता तो धावत निघाला. बाबा अंबरनाथहून रुळांवरून चालत आले होते. फलाटावर गर्दी बघून ते पुढे आले, आणि माणसांनी त्यांना वाट करून दिली तेव्हा त्यांना कळलं. ताईने बाबांना ओळखलं. "बाबा, भिजलात," एवढंच म्हणाली. डॉक्टर पोचला तेव्हा अंधार पडायला लागला होता आणि त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा माणसांची गर्दी आपल्या बाजूने बघितली. पाणी ओसरलं, गाळ राहिला, आणि गाळातून लोक आले. उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांचे टेम्पो पहिले आले, सरकारच्या कितीतरी आधी. पुऱ्या, डाळ, चादरी, कोरे गाऊन, लहान मुलांचे कपडे. एक म्हातारा सिंधी शेठ धोतर खोचून गुडघाभर चिखलात उभा राहून स्वतः वाढत होता. तो आईला म्हणाला, "माई, ले लो. सोचो मत. हम भी ऐसे ही आए थे, खाली हाथ." आईने चादर घेतली. लहान मुलांचा कपडा हाताला आला तेव्हा तो तिने मागे दिला. स्टेशनजवळच्या नव्या इमारतींतली माणसंही आली. त्यांतल्या काहींनी आमचे गाळ भरलेले टोप घासून दिले, आणि काहींनी नाकाला रुमाल लावून विचारलं की नदीच्या तोंडावर राहतातच कशाला ही माणसं. आम्ही नदीच्या तोंडावर नव्हतो राहत बाबांनो, नदी आमच्या तोंडावर आली, असं मी तेव्हा म्हणू शकले नाही, म्हणून आज म्हणते. चहाच्या टपरीवर, पाण्याच्या टँकरच्या रांगेत, सगळीकडे एकच विषय होता, होडी. कुणी म्हणे ती शेडमध्ये होती आणि किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर. कुणी म्हणे इंजिनात तेल नव्हतं. कुणी म्हणे ती आधीच एका बड्या माणसाच्या बंगल्यातलं सामान काढायला गेली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पावसाआधी त्या होडीची नारळ फोडून पूजा झाली होती, हार घातला होता, हे मात्र सगळ्यांना आठवत होतं. खरं काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग मोर्चा निघाला. आळीतली, गावातली, वरच्या वाड्यांतली माणसं, टायरच्या दुकानातली ती दोन पोरंसुद्धा. कुणीतरी आमच्याकडून ताईचा फोटो मागून नेला. आमच्याकडे तिचा एकच चांगला फोटो होता, लग्नातला. त्यातली ताई कापून मोठी करून फळीवर चिकटवली होती. मुंडावळ्या बांधलेली, हसणारी. एका कोपऱ्यात भावजींचा खांदा राहून गेला होता. "मंगलला न्याय मिळालाच पाहिजे" असं हजार माणसं ओरडत होती, आणि मला रडायला येत होतं आणि अभिमानही वाटत होता. मी त्या घोषणांवर विश्वास ठेवला. आईला पुढच्या रांगेत चालवलं होतं. ती चालत होती, पण फोटोकडे बघत नव्हती. भावजी मोर्च्याला आले नव्हते. क्रियाकर्म झाल्यावर ते जे उल्हासनगरला गेले ते फिरकलेच नाहीत. त्यांच्या आईने निरोप पाठवला होता, की आम्ही धडधाकट सून पाठवली होती. पहिलं बाळंतपण माहेरच्या जबाबदारीवर असतं. आईने निरोप ऐकून घेतला आणि निरोप आणणाऱ्याला चहा दिला.

मोर्च्याने घाबरून म्हणा, लाजून म्हणा, वरून एक मोठे साहेब चौकशीला आले. शाळेच्या सभागृहात लोक खिडक्यांतही बसले होते. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, बाई घाबरू नका म्हणाला. मग विचारलं, "सकाळी रिक्षा फिरली तेव्हा ओढ्याला पाणी किती होतं?"

"गुडघ्याइतकं."

"बाकीची माणसं गेली?"

"गेली."

"मग तुम्ही का गेला नाहीत?"

आईने पदर सारखा केला. सगळं सभागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं. होडी, असं ती म्हणणार, याची सगळे वाट बघत होते. "मी थांबवली तिला," आई म्हणाली. "पोटुशी बाईनं व्हातं पानी वलांडू नये. ती यायाला तयार होती. मीच नाय नेली."

"म्हणजे तुम्ही स्वतःहून थांबलात."

"हां, साहेब. मीच मारली माझ्या पोरीला."

मी उठून ओरडले, "होडी पाठवतो म्हणाले होते! गरोदर बायांनी घरात थांबा म्हणाले होते!" साहेबाने विचारलं, ही कोण. कुणीतरी म्हणालं, धाकटी. "लहान आहे, तिला जरा बाहेर न्या," तो मऊ आवाजात म्हणाला. हौसाकाकी मागून ओरडली की मी पन ऐकलंय, सगल्या आळीनं ऐकलंय. तिला सांगितलं की तुमची पाळी येईल तेव्हा बोला. तिची पाळी आलीच नाही. आईचं बोलणं लिहून झालं होतं आणि साहेबांना पुढे जायचं होतं. इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसलेल्या आईचा विचार करते आहे. तिला त्या दिवशी न्याय नकोच होता. तिला कुणीतरी शिक्षा करायला हवी होती, आणि समोर एक साहेब बसला होता. साहेबाला सुटका हवी होती. दोघांचं जमलं आणि ताई मधल्यामध्ये गेली.

दोन दिवसांनी पेपरात आलं. अंधश्रद्धेने घेतला विवाहितेचा बळी. खाली बारीक अक्षरात आळीचं नाव, आईचं नाव, ताईचं वय, तेही चुकलेलं. होडीचा उल्लेख नव्हता. आणि लोक फिरले. एका रात्रीत नाही, पण फिरलेच. ज्या टपरीवर होडीवरून भांडणं व्हायची तिथे आता मान हलवून म्हणायचे, आईच अशी म्हटल्यावर कचेरी तरी काय करणार. मोर्च्याची फळी मारुतीच्या देवळामागे पडली होती, ती बाबांनी एका संध्याकाळी घरी आणली. शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी अख्खा तास वैज्ञानिक दृष्टिकोनावर घेतला. त्यांनी नाव घेतलं नाही. चांगले सर होते, मला फार आवडायचे. "आपल्याच गावात अलीकडे जे घडलं," एवढंच ते म्हणाले, आणि सगळ्या बाकांवरची डोकी माझ्याकडे वळली. सर, ती चाल खुळी होती, मान्य आहे. पण खुळ्या चालीला ज्याने भोंग्यावरून दुजोरा दिला त्याचा तास कोण घेणार होतं? आता आमच्या आळीच्या जागी सात मजली इमारत आहे, तिथेच आम्ही राहतो. पाऊस वाढला की तिथल्या लोकांच्या फोनवर सूचना येतात, घरातच थांबा, मदत येत आहे. माझी सून ते वाचून निश्चिंत होते, आणि मी गुपचूप चपला घालून जिन्यात जाऊन उभी राहते.

पेपर आल्यानंतरच्या रविवारी दिनकरभावजी आले. भर दुपारी, न कळवता. ओटी अजून ओलसर होती, बाबांनी गोणपाट अंथरलं, त्यावर ते बसले. दाढी वाढली होती, नखं मात्र स्वच्छ होती, म्हणजे ते कामावर जात नव्हते. आईने पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि दाराआड जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता हा माणूस आईला फाडून खाणार, आणि मी उत्तर तयार करून दोघांच्या मध्ये बसले. भावजी तांब्यातलं पाणी प्यायले. मग ते दाराकडे न बघता म्हणाले, "आये, पेपर वाचला. कारखान्यातल्या सगळ्यांनी वाचला, घरी सांगायला आले." मग म्हणाले, "मी असतो ना इथं, तर मी पण नसती नेली तिला पाण्यातून. होडी येते म्हटल्यावर मी पण थांबलो असतो."

आई दाराआडून बाहेर आली. जावयासमोर ती कधी पदराशिवाय आली नव्हती, तेव्हा डोक्यावर पदर नव्हता. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "असं नका बोलू जावयबापू. तुमच्या पाया पडते. बाहेरचे बोलतात ते मला लागत नाय. तुमची बायको होती, तुमचं पोर होतं. तुमी मला शिव्या द्या. एकदा द्या. मंग मी गप बसेन." भावजी नुसते मान हलवत होते. "मला नाय येत आये," ते म्हणाले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. बाबा उठून मागीलदारी गेले.

आईने त्यांचे हात सोडले. ती उठली, चूल पेटवली. शेठच्या टेम्पोतून मिळालेला तांदूळ शिजायला घातला, सुकटीचं कालवण केलं, ताट वाढलं. भावजींनी दोन घास खाल्ले आणि हात आखडला. आईने अजून भात घातला. "आये, बस," ते म्हणाले, "पोट भरलं माझं." आईचा हात थांबला नाही.

"तुमचं भरलं असंल," ती म्हणाली. "तिच्या वाटणीचं जेवा."

ते जेवले.